आधी पडायला शिकवावे
कराटे-ज्युदोमुळे मुले भांडखोर होतात, त्यापेक्षा गोष्टी सांगाव्यात, असे काही जण म्हणतात. मला मात्र मुलांना धीट आणि संयमी करण्यासाठी ही दोन्ही साधने परस्परपूरक वाटतात. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानमध्ये सुरू केलेल्या ज्युदोत सुरुवातीलाच सुरक्षितपणे पडायला शिकवतात: हनुवटी छातीशी घ्यायची, हाताची थाप गादीवर मारायची आणि पुन्हा उभे राहायचे. असे वारंवार पडून उठणाऱ्या मुलाची चारचौघांत हरण्याची भीतीही हळूहळू ओसरते. आपल्या नांदेडच्या गतक्यातसुद्धा, म्हणजे शिखांच्या काठी-ढालीच्या युद्धकलेत, वार करण्याइतकेच तो फरीवर (छोट्या ढालीवर) झेलणे महत्त्वाचे असते.

अपमान झाल्यावर हात कधी आवरावा, हे मात्र गादीवर पुरेसे उमगत नाही. त्यासाठी पैठणच्या नाथांची आख्यायिका सांगावी: गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक जण पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते प्रत्येक वेळी शांतपणे नदीवर परतले. गोष्ट संपताच तात्पर्य सांगू नये, “तुला राग आला असता का?” एवढेच विचारावे आणि मूल “हो” म्हणाले, तर ते उत्तर चुकीचे ठरवू नये. रागावलेल्या मुलाला गप्प बसवण्याची आपल्याकडे फार घाई होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. शाळेत कोणी छळत असेल, तर ते निमूटपणे न सोसता घरी सांगावे, हेही त्याच वेळी स्पष्टपणे बोलावे.