एसीचं गॅसचं काम येतं, बोर्डचं येत नाही. इलेक्ट्रॉनिक्स कुठून सुरू करू?

डिचोलीकर:
नमस्कार. डिचोली-म्हापसा भागात एसी-फ्रिजची कामं करतो. ब्रेझिंग, व्हॅक्यूम, गॅस चार्जिंग जमतं. इन्व्हर्टर एसीचा बोर्ड मात्र दुसऱ्याकडे द्यावा लागतो. पुढे सर्व्हिसिंगमध्येच राहायचं आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स आता शक्य नाही, संध्याकाळचे दोन तास मिळतात. कोणत्या क्रमानं शिकू आणि आधी काय विकत घेऊ?

फोंड्याचा टेस्टबेंच:
आधी चांगला मीटर घ्या: कॅट ३ (मेन्सच्या वायरिंगवर वापरण्याचा सुरक्षा दर्जा), ६०० व्होल्ट, डायोड आणि कपॅसिटन्स रेंजसह. करंट मोजून झाला की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत लावायची सवय लावा. १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिलेल्या प्रोबनं मेन्स तपासला तर थेट शॉर्ट होतो.

मग ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायचा बोर्ड), १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर, ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर), बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १एन४००७ डायोड, १२ व्होल्टचा रिले, लाल एलईडी आणि पाव वॅटचे १ के, २.२ के, १० के (के म्हणजे हजार ओहम) रेझिस्टर आणा. प्रत्येक जोडणीत आधी कागदावर हिशेब, नंतर मीटर. एलईडीवर २ व्होल्ट पडतात, १० मिलिअँपिअर हवेत, म्हणून १२ वजा २ भागिले ०.०१, म्हणजे १ के. ७८०५ ला १२ व्होल्ट देऊन ३०० मिलिअँपिअर घेतलेत तर ७ गुणिले ०.३, म्हणजे २.१ वॅटची उष्णता होते. हीटसिंकशिवाय तो बोट ठेवता येणार नाही इतका तापतो.

रिलेच्या सर्किटवर मात्र आठवडाभर घालवा. ५ व्होल्टवरून २.२ के मधून बीसी५४७ च्या बेसला सुमारे २ मिलिअँपिअर जातो आणि ४०० ओहमच्या कॉइलचा ३० मिलिअँपिअर तो सहज ओढतो. कॉइलला उलटा डायोड लावा, पट्टीची बाजू १२ व्होल्टकडे. तो नसेल तर रिले बंद होताना कॉइल उलटा झटका देते आणि ट्रान्झिस्टर जातो. एसीच्या बोर्डावरच्या यूएलएन२००३ या रिले चालवणाऱ्या आयसीमध्ये हेच सर्किट सात वेळा आहे, डायोडसकट. रिले लागत नसेल तर पिन १ ते ७ पैकी त्याच्या इनपुटवर ५ व्होल्ट येतात का बघा. येत असतील आणि समोरचा आउटपुट १ व्होल्टच्या आसपास उतरला, तर आयसी ठीक; कॉइलला येणारे १२ व्होल्ट आणि कॉइल तपासा. आउटपुट १२ वरच राहिला तर पिन ८ चा ग्राउंड बघा, तोही ठीक असेल तर आयसी बदला.

पॉवर सप्लाय आधी:
वरचं झालं की एसएमपीएस, म्हणजे बोर्डावरचा स्विचिंग पॉवर सप्लाय. माझ्या मते बोर्ड दुरुस्तीचा पाया हाच आहे. अर्डुइनो (प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड) वगैरे नंतर. मेन्सचे २३० व्होल्ट एसी ब्रिजमधून (एसीचा डीसी करणारे चार डायोड) गेल्यावर मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यावरही राहतात. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करू नका. २.२ के, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावा; १००० मायक्रोफॅरडला १५ सेकंद पुरतात, तरी मीटरनं खात्री करूनच हात घाला. बऱ्याच इन्व्हर्टर बोर्डांवर कंट्रोलरचा ग्राउंडसुद्धा मेन्सपासून वेगळा नसतो. ५ व्होल्टची बाजू म्हणून तिथे हात लावू नका.

फ्यूजची काच काळी पडली असेल तर ब्रिज किंवा मॉसफेट (सप्लायचा स्विचिंग ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे असं धरा. नवा फ्यूज टाकून बघू नका. फ्यूज शाबूत, ३२५ व्होल्ट आहेत, पण आउटपुट शून्य, तर स्टार्टअप रेझिस्टर (सप्लायच्या आयसीला सुरुवातीचा करंट देणारा) मोजा. सर्किटमध्ये मोजताना किंमत कमी दिसू शकते, कारण शेजारून दुसरी वाट असते; कपॅसिटर रिकामे असताना किंमत छापल्यापेक्षा बरीच जास्त आली तर रेझिस्टर गेला. सप्लाय टिकटिक करत सुरू-बंद होत असेल तर आउटपुटला शॉर्ट आहे का बघा, नाहीतर सप्लायच्या आयसीजवळचा छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेला असतो. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचा.

दुरुस्तीनंतरचा पहिला सप्लाय सिरीज बल्बमधूनच, म्हणजे मेन्स आणि बोर्डाच्या मध्ये जोडलेल्या तारेच्या बल्बमधून. १०० वॅटचा बल्ब लुकलुकून मंद झाला तर ठीक, भक्कन पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे. हे फक्त बोर्डसाठी, कंप्रेसर जोडून नव्हे.

किनारपट्टी सर्व्हिस:
कळंगुट-कांदोळीकडचे आउटडोअर बोर्ड खाऱ्या हवेनं हिरवे पडतात. मीठ ओल धरतं, पिनांमध्ये गळती होते आणि एसी पावसाळ्यात चुकीचे एरर दाखवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं धुवा, पूर्ण सुकवा, मग कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ थर); कनेक्टर टेपनं झाकून. रिले आणि रिअॅक्टरचे (मोठ्या कॉइलचे) टाके भिंगाखाली बघा, भोवती बारीक गोल भेग दिसली की ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला टाका.

सीझनबाहेरही काम हवं असेल तर वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांसाठी ४-२० मिलिअँपिअर लूप (सेन्सरचं माप करंटनं पाठवायची पद्धत) शिका. १२ मिलिअँपिअर म्हणजे रेंजचा मध्य, शून्य म्हणजे वायर तुटली किंवा सप्लाय गेला.

डिचोलीकर:
मनापासून आभार. सिरीजला एलईडी बल्ब चालेल का? दुकानात तोच मिळतो.

पॉवर सप्लाय आधी:
नाही. एलईडी बल्बमध्ये स्वतःचा ड्रायव्हर असतो, तो करंट तसा अडवत नाही. तारेचाच हवा, १०० चा मिळाला नाही तर ६० वॅटचे दोन समांतर जोडा.