यूसीने (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) एसएटी ही प्रवेशपरीक्षा परत आणावी का?

फ्रीमाँटकर:
यूसी सॅन डिएगोच्या प्राध्यापकांचा नोव्हेंबर 2025 चा रिपोर्ट वाचला का कोणी? आठातल्या एका फ्रेशमनचं (पहिल्या वर्षाच्या पोराचं) गणित हायस्कूलच्याही खालचं, आणि 2020 ते 2025 मधे अशी पोरं जवळपास तीसपट झाली. बरं शाळेत गणितात ए घेऊन आलेली पण आहेत त्यात! 2020 च्या मे मधे यूसीच्या रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळाने, एसएटी काढायचं ठरवलं, तेही त्यांच्याच प्रोफेसरांची कमिटी ठेवा म्हणत असताना. एमआयटीने 2022 ला परत आणली, डार्टमथ, येल, हार्वर्डने 2024 मधे जाहीर केलं, यूसी मात्र अडून बसलीये. आणा परत.

गणितवाली_बाई:
मी पब्लिक शाळेत आठवीला गणित शिकवते. अहो 2025 ची ही बॅच 2020-21 ला आठवीत होती, वर्षाचा बराच भाग लॅपटॉपसमोर, कॅमेरा बंद. एसएटी असती तरी त्यांचे फ्रॅक्शन्स कच्चेच राहिले असते, फक्त ती मुलं यूसीला दिसली नसती. आणि एसएटीचे क्लास कोणाची मुलं लावतात? आपलीच ना.

कोथरूड_ते_क्युपर्टिनो:
ताई, मग अर्जासोबतचे एसे कोण लिहून घेतं? हजारो डॉलर घेणारे काउन्सेलर आहेत त्यासाठी. एसएटीची प्रॅक्टिस खान अकॅडमीवर फुकट आहे. डार्टमथने स्वतः तपासलं तेव्हा दिसलं की टेस्ट ऑप्शनल, म्हणजे स्कोअर पाठवणं ऐच्छिक, असल्यामुळे गरीब घरातल्या मुलांनी त्यांना उपयोगी पडले असते असे स्कोअर पाठवलेच नव्हते.

बटाटेवडा:
डार्टमथ वर्षाला हजार-बाराशे पोरं घेतं, यूसीकडे दोन लाखांवर अर्ज येतात, कुठे तुलना करताय. 1996 च्या प्रॉप 209 नंतर (कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी मंजूर केलेला कायदा) यूसीला प्रवेश देताना वंश बघता येत नाही, मग मूल कुठल्या शाळेतून आलंय आणि तिथे त्याने काय केलं एवढंच हातात उरतं. श्रीमंत पालो आल्टोची शाळा तिथल्या प्रॉपर्टी टॅक्सवर चालते, सेंट्रल व्हॅलीतल्या गावात तो पैसा कुठून आणणार? एक कटऑफ लावला की सगळ्या सीट्स आपल्या पिनकोडात.

फ्रीमाँटकर:
कटऑफ कोण लावा म्हणतंय? स्कोअर त्या शाळेच्या हिशोबानेच बघा, डार्टमथ तेच करतं.

सौ_सनीव्हेल:
सुरुवात अशीच होते हो. आपल्याकडे इंजिनिअरिंगला सीईटी आली आणि बारावीच्या वर्गात कोण बसतं आता? नावाला कॉलेज, दिवसभर क्लास. इथेही राजस्थानातल्या क्लासवाल्या कोटा शहरासारखं करायचंय का? माझी मुलगी नववीत आहे, ती थिएटर करते, तेवढं तरी राहू दे.

गणितवाली_बाई:
ग्रेड फुगतात हे मला मान्य आहे, पण का फुगतात ते बोला की. मी बी दिला की त्याच रात्री मेल, दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपलला कॉपी, मग मीटिंग. त्या मेलांमधे आपली आडनावं किती असतात ते सांगायला लावू नका.

फ्रीमाँटकर:
म्हणून तर बाहेरची परीक्षा पाहिजे! तिथे मेल कोणाला करणार?

बटाटेवडा:
एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाला करतील. आपल्या लोकांना कमी समजू नका :)