इटलीत मास्टर्स, इटालियन शून्य: सघन अभ्यासक्रम कुठे करावा?

नवखी

नमस्कार मंडळी,

पादोव्हा विद्यापीठात दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. सगळं शिकवणं इंग्रजीत आहे, म्हणून अर्ज करताना इटालियनचं प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही. मीही निर्धास्त होते. पण तिथे आधीपासून असलेल्या एका सीनियरने सांगितलं की वर्गात इंग्रजी असलं तरी दाराबाहेर पाऊल टाकलं की इटालियनच. घरभाड्याचा करार इटालियनमध्ये, पोस्टातला फॉर्म इटालियनमध्ये, आणि विद्यापीठाच्या कचेरीतल्या बाईंशी फोनवर बोलायचं तर तेही इटालियनमध्येच.

माझं इटालियन म्हणजे 'चाओ' आणि 'ग्रात्सिए'. वर्ग ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतील. त्याआधीचा ऑगस्ट-सप्टेंबर मोकळा आहे, तर थोडं आधी जाऊन एखादा सघन अभ्यासक्रम करावा असा विचार आहे. पेरुज्या आणि सिएना ही नावं सारखी वाचनात येतात. शिवाय फ्लोरेन्स, रोम, मिलानमधल्या खाजगी शाळांच्या जाहिराती तर विचारूच नका. बजेट बेताचं आहे. कुणी केलंय का असं? आणि प्रमाणपत्र घ्यावं का?

---

वाटसरू

अभिनंदन! मी पेरुज्यात शिकलोय, त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं आहे हे धरून वाचा.

पेरुज्या आणि सिएना इथे परदेशी लोकांसाठीची सरकारी विद्यापीठं आहेत, 'उनिव्हेर्सिता पेर स्त्रानिएरी'. म्हणून ती नावं सारखी दिसतात. सिएनातले भाषावर्ग 1917 पासूनचे, पेरुज्यातलं काम 1921 च्या व्याख्यानमालेपासूनचं, आणि 1925 मध्ये त्याला रीतसर विद्यापीठाचं रूप आलं. परक्यांना इटालियन शिकवणं हाच यांचा धंदा, त्यामुळे 'शून्यापासून' म्हणजे काय हे त्यांना नीट कळतं. एक सावधगिरी: पेरुज्यात 'उनिव्हेर्सिता देल्यी स्तूदी' नावाचं दुसरं, नेहमीचं विद्यापीठही आहे. नावं जवळपास सारखी असल्याने लोक भलत्याच संकेतस्थळावर फॉर्म भरत बसतात. तुम्हाला हवं ते 'पेर स्त्रानिएरी', पालात्सो गालेंगा या जुन्या वाड्यातलं.

वर्ग पहिल्या तासापासून इटालियनमध्येच. शिक्षिका बोर्डावर चित्र काढतील, हातवारे करतील, पण इंग्रजीचा आधार देणार नाहीत. पहिल्या आठवड्यात डोकं भणभणतं. नंतर बरं वाटायला लागतं, कारण शेजारच्या बाकावरच्या मुलाला तुमची भाषा येत नाही, तुम्हाला त्याची येत नाही, आणि भूक दोघांनाही लागलेली असते.

गाव डोंगरावर वसलेलं आणि छोटं. हीच त्याची खरी किंमत. मिलान-फ्लोरेन्सला तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो आणि तुमचा सराव तिथेच संपतो. पेरुज्यात भाजीवाला तुमचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतो, कारण परक्या विद्यार्थ्यांची त्याला पिढ्यानपिढ्या सवय आहे.

सिएनाबद्दल ऐकीव सांगतो. तिथलं शिकवणंही उत्तम म्हणतात. फक्त 2 जुलै आणि 16 ऑगस्टला तिथे पालिओची घोडाशर्यत असते आणि त्या दिवसांत खोली मिळणं मुश्कील. ऑगस्टच्या मध्याला पोचणार असाल तर राहायचं आधी ठरवा.

---

अनवट

वाटसरूंच्या म्हणण्याचा आदर आहे, पण माझं मत उलट आहे. राहायचं पादोव्हाला, मग भाषा शिकायला पेरुज्याला कशाला?

आधी कागदपत्रांचं बघा. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायला तुम्ही 'डी' व्हिसावर जाणार. इटलीत पाऊल ठेवल्यापासून आठ कामकाजी दिवसांत 'पेर्मेसो दी सोज्योर्नो'चा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, अर्ज करावा लागतो. त्यासाठी पोस्टातून किट घ्यायचं, भरायचं, 16 युरोचा 'मार्का दा बोल्लो', म्हणजे मुद्रांक, चिकटवायचा, बाकीचं शुल्क वेगळं. पुढे बोटांचे ठसे द्यायला 'क्वेस्तुरा'मध्ये, म्हणजे पोलीस मुख्यालयात, बोलावतात, आणि ती क्वेस्तुरा तुम्ही राहत असलेल्या प्रांताची. आठ दिवसांच्या त्या मुदतीत तुम्ही पेरुज्यात असाल आणि नंतर पादोव्हाला बिऱ्हाड हलवणार असाल, तर पत्त्याचा घोळ तुम्हालाच निस्तरावा लागेल. अशक्य नाही, पण नव्या देशात पहिल्याच महिन्यात ही कटकट कशाला?

दुसरं असं की बहुतेक मोठ्या इटालियन विद्यापीठांचं स्वतःचं भाषाकेंद्र असतं, 'चेंत्रो लिंग्विस्तिको दी अतेनेओ', थोडक्यात 'सीएलए'. पादोव्हालाही आहे. नाव नोंदवलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी तिथले इटालियनचे वर्ग अनेक ठिकाणी फुकट किंवा सवलतीत असतात, आणि सत्र सुरू होण्याआधी सप्टेंबरात सघन वर्गही बरेचदा असतात. तुम्हाला प्रवेशाची जी ईमेल आली आहे त्यातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षाला आजच लिहून विचारा. जागा मर्यादित असतात आणि नोंदणीची खिडकी लहान असते.

आणि हो, अभ्यासक्रमाची नियमावली उघडून बघा. काही इंग्रजी मास्टर्समध्ये इटालियनचे क्रेडिट पदवीतच धरलेले असतात. तसं असेल तर जे पुढे शिकायचंच आहे त्याचे पैसे आधी का भरायचे?

---

वाटसरू

परवान्याचा मुद्दा रास्त आहे, मान्य. पण सीएलएच्या वर्गात सगळे तुमच्यासारखेच इंग्रजी मास्टर्सचे. मधल्या सुट्टीत सगळं इंग्रजीच चालतं. आणि दुपारनंतर लॅब, ओरिएंटेशन, घर शोधणं. त्याला सघन म्हणायचं का?

---

अनवट

घर शोधणं हाच सर्वांत सघन अभ्यासक्रम आहे हो. :)

---

शब्दवेडी

कुठे करायचा यावर वाद चालू द्या. मी कसा करायचा त्यावर लिहिते, कारण मराठी माणसाला इटालियन सोपं जाण्याच्या काही खास जागा आहेत आणि इंग्रजीतून शिकवणाऱ्या पुस्तकांत त्या येत नाहीत.

उच्चार घ्या. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दंत्य. इंग्रजीच्या सवयीने 'टावोलो' म्हणू नका, 'तावोलो' म्हणा, निम्मा परकेपणा तिथेच जातो. जोडाक्षरावर जोर देणं आपल्याला जन्मजात येतं. इटालियनमध्ये 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा, 'कापेल्लो' म्हणजे केस आणि 'काप्पेल्लो' म्हणजे टोपी. इंग्रजी माणूस यातला फरक ऐकू येण्यासाठी महिने घालवतो. आपण 'पता' आणि 'पत्ता' यांत कधी गोंधळतो का?

व्याकरणात तर गंमतच आहे. 'मि प्याचे' हे 'मला आवडतं' याच घडणीचं. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं: 'मि प्याचे इल काफ्फे', पण 'मि प्याच्चोनो इ लिब्री'. मला कॉफी आवडते, मला पुस्तकं आवडतात. इंग्रजीच्या 'आय लाइक'वरून तिथे पोचायला गेलात तर पाय अडकतो, मराठीवरून सरळ जाता येतं. भूतकाळातही तेच. मुलगी 'सोनो आंदाता' म्हणते, मुलगा 'सोनो आंदातो'. गेले आणि गेलो. कर्म सर्वनाम होऊन क्रियापदाआधी आलं की त्याप्रमाणे रूप फिरतं. चिठ्ठीबद्दल बोलताना 'लॉ लेत्ता', पुस्तकाबद्दल बोलताना 'लॉ लेत्तो'. ती मी वाचली, ते मी वाचलं. विशेषणंही चांगला-चांगलीसारखी बदलतात, आणि नपुंसकलिंग नाहीच, म्हणजे आपल्याला एक लिंग कमी.

जड जातात ती उपपदं, इंग्रजीतल्या 'अ' आणि 'द'सारखी. आपल्याकडे तो प्रकारच नाही. 'इल', 'लो', 'ला', त्यांची अनेकवचनं, आणि मग शब्दयोगी अव्ययांशी त्यांची लग्नं: 'देल', 'नेल्ला', 'सुल्यी'. 'इल लिब्रो' पण 'लो स्तुदेंते', कारण पुढे स आणि व्यंजन एकत्र आलं. इथे पाठांतराला पर्याय नाही. नाम कधीही एकटं पाठ करू नका, उपपदासकट करा.

आदरार्थीही सांभाळा. प्राध्यापकांना 'तु' नाही, 'लेई'. आणि 'लेई'ला क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनाचं लागतं. आपलं 'तुम्ही' अनेकवचनी असल्याने मराठी जीभ 'व्होई'कडे, म्हणजे अनेकवचनी 'तुम्ही'कडे, घसरते.

म्हणून म्हणते, कुठेही जा, पण जाण्याआधी उपपदं, 'एस्सेरे' (असणे) आणि 'आव्हेरे' (जवळ असणे) ही दोन क्रियापदं, वर्तमानकाळ आणि शंभरेक आकडे घरी बसून करून घ्या. सघन वर्गाचा वेग शून्यावरच्या माणसाला झेपत नाही. पहिला आठवडा लिपी, आकडे आणि 'माझं नाव अमुक' यात जातो, आणि तो आठवडा युरोत मोजलेला असतो.

---

खडूसकाका

'चार आठवड्यांत फाडफाड इटालियन' असं लिहिलेलं दिसलं की पान बंद करा. साधा हिशेब घाला. रोज चार तास, आठवड्याचे 20, महिन्याचे 80. तेवढ्यात ए1, म्हणजे युरोपीय भाषापातळ्यांतली (ए1, ए2, बी1, बी2 अशा चढत्या) पहिली पायरी, नीट होते. घरून तयारी करून गेलात आणि संध्याकाळी घोकलंत तर ए2 च्या उंबरठ्यावर याल. त्यापुढचं कुणी सांगितलं तर ते विकतंय.

खाजगी शाळेला लिहायचंच असेल तर मी हे विचारीन. तुमचा तास 60 मिनिटांचा की 45 चा? 20 तासांची जाहिरात असते आणि प्रत्यक्षात 15 हातात पडतात. वर्गात जास्तीत जास्त किती जण? नवशिक्यांना कोणत्या तारखांना घेता? इतर पातळ्यांना दर सोमवारी प्रवेश असतो, पण शून्यवाल्यांच्या तारखा बहुधा मोजक्याच असतात. त्या चुकल्या तर चालू वर्गात मध्येच ढकलतात आणि माणूस मुक्यासारखा बसून राहतो. पुस्तक आणि नोंदणी शुल्क धरलंय का वेगळं? सकाळी भाषा आणि दुपारी पास्ता, वाइन, म्युझियम असं पॅकेज असेल तर ते पर्यटकांसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी नाही. मजा येईल, भाषा येणार नाही.

प्रमाणपत्राचं: अभ्यासक्रम संपला की शाळा देते तो हजेरीचा कागद. खरी परीक्षा वेगळी. 'चिल्स' सिएनाची, 'चेली' पेरुज्याची, 'प्लिदा' दांते आलिगिएरी सोसायटीची, आणि चौथी रोमा त्रे विद्यापीठाची. या चारांना इटलीत मान. तुमचं मास्टर्स इंग्रजीत आहे, तर तुम्हाला आत्ता त्याची गरज काय? इटालियनमध्ये पदवी करणाऱ्याला बी2 लागतं, त्याने ते आधी मिळवलं तर विद्यापीठाची भाषापरीक्षा टळते. तुम्ही ए1 चं प्रमाणपत्र कुणाला दाखवणार? ते पैसे खोलीच्या 'काउत्सिओने'ला ठेवा, म्हणजे डिपॉझिटला. पुढे तिथेच नोकरी बघायची झाली तर बी1-बी2 ला बसा.

---

नवखी

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! शब्दवेडी, 'लॉ लेत्ता' वाचून हसायलाच आलं, इतकं आपलं वाटलं.

आता असं ठरवतेय: जून-जुलै घरून ऑनलाइन ए1 चा पाया, मग सप्टेंबरात थेट पादोव्हा, आणि सीएलएचा वर्ग मिळाला तर तोच. विद्यापीठाला ईमेल केली आहे. मिळाला नाही तर पेरुज्याचा विचार पुन्हा करेन. वाटसरू, रागावू नका. :)

दोन शंका राहिल्या. ऑगस्टमध्येच गेले तर बरं नाही का? घरही लवकर शोधता येईल. आणि पादोव्हाला लोक बोलीभाषा बोलतात म्हणे, मग शिकलेलं इटालियन चालेल का?

---

वाटसरू

रागावतोय कशाला. मी तर म्हणतो नाताळच्या सुट्टीत पेरुज्याला चक्कर मारा.

ऑगस्ट मात्र नको. 15 ऑगस्टला 'फेर्रागोस्तो', आणि त्याच्या मागेपुढे अख्खा देश सुट्टीवर. कचेऱ्या अर्धवेळ, घरमालक समुद्रावर, कित्येक दुकानांना कुलपं. घर बघायला कुणी भेटणार नाही आणि परवान्याच्या अर्जाचा आठ दिवसांचा काटा मात्र फिरत राहील. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचा.

---

अनवट

बोलीचं म्हणाल तर बारमध्ये म्हातारी माणसं आपापसात व्हेनेतो बोलतात. सुरुवातीला एक अक्षर कळणार नाही. ते मनाला लावून घेऊ नका. तुमच्याशी बोलताना ती इटालियनवरच येतात. सिएनाकडे तरी काय, 'कासा'चं 'हासा' करतात.

खरा कस लागेल तोंडी परीक्षेत. तिकडे बऱ्याच विषयांची परीक्षा तोंडी असते, 30 पैकी गुण, 18 ला उत्तीर्ण. तुमची इंग्रजीतच होईल. पण बाहेर व्हरांड्यात नंबर यायची वाट बघताना आधीच्या मुलाला काय विचारलं हे सगळे इटालियनमध्ये एकमेकांना सांगत असतात. तेवढं कळण्यापुरतं डिसेंबरपर्यंत शिका, पहिली परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत असेल.

---

शब्दवेडी

ऑनलाइन वर्ग निवडताना ठरावीक वेळेला शिक्षक समोर असतील असाच घ्या. नुसतं ॲप नको. ॲपला तुमचे उच्चार दुरुस्त करायचा कंटाळा नसतो, पण त्याला ते धड ऐकूही येत नाहीत. आणि रोज राय या इटलीच्या सरकारी रेडिओच्या बातम्या लावून ठेवा. कळल्या नाहीत तरी चालेल, शब्द कुठे संपतो ते कानाला समजायला लागतं.

उपपदांचा तक्ता मी मराठीत केलेला आहे, हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

नवखी

केलाय व्यनि!