मदत हवी आहे: शिंदीचं (रानटी खजुराचं) बी पक्कं झालं हे ओळखायचं कसं?

प्रश्न (जिंतूर, जि. परभणी)
ओढ्याकाठच्या दोन शिंदींना घड आहेत. फळं पिवळी-नारिंगी, अजून टणक. बांधासाठी २०० रोपं करायचीत. पाखरं घड ठेवत नाहीत, म्हणून आत्ताच उतरवू का? बी थेट काळ्या मातीत टोचलं तर चालेल?

उत्तर
आत्ता उतरवू नका, दादा. पिवळं फळ भरलेलं दिसतं, पण आतला कोंब पक्का झालाय याची खात्री नसते. फळ तांबूस-तपकिरी होऊन बोटानं चेपायला लागलं, गर बीपासून सुटू लागला, की बी तयार. घड एकदम पिकत नाही. त्याला जाळीची पिशवी बांधा. पाखरं अडतील, गळलेलं फळही तिच्यातच पडेल.

मग पाच-सहा बिया कापून बघाच. बीच्या एका अंगाला खजुरासारखी लांब खाच असते. उलट्या अंगाला मधोमध बारीक गोल ठिपका. कोंब त्या ठिपक्याखाली असतो, तिथंच आडवं कापा. आतला भाग पांढुरका, हाडासारखा टणक आणि कोंब दुधी, खळगा भरून बसलेला असेल तर बी चांगलं. कोंब तपकिरी किंवा आक्रसलेला असेल तर त्या बीचा उपयोग नाही.

आणखी एक उत्तर
बी पाण्यात टाकून पारखायचं तर आधी गर पूर्ण काढा, नाहीतर चांगलं बीही तरंगतं. गोणपाटावर वाळू घालून चोळा, दोन-तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. गर राहिला की बुरशी आलीच. टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तर आत भुंगेरा आहे. ते बी वेगळं काढा. कडक उन्हात वाळवू नका, ताजंच लावा.

काळ्या मातीत थेट नको. पाणी साचून बी कुजतं.

प्रश्नकर्ता
मग छोट्या कपात लावू का? किती दिवस वाट पाहायची?

उत्तर
कप नको. शिंदीचं बी आधी पांढरी नळी खोल सोडतं, पान नंतर वर येतं. फूटभर उंच पिशवी घ्या; दोन भाग वाळू, एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत. बी आडवं, १ ते २ सेंमी खोल. उगवायला एक ते तीन महिने, थंडीत त्याहून जास्त. मधे उकरून बघू नका, नळी तुटली की रोप गेलं. २०० रोपांसाठी ३०० तरी बिया लावा. फळासाठी लावत असाल तर जवळजवळ निम्मी झाडं नर निघतील, आणि फुलोरा येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत.