ठरावीक फॉरमॅटने तपासणी सुधारते, की नुसते रकाने भरतात?

मोजपट्टी

क्यूसीत (मालाच्या गुणवत्ता तपासणीत) १७ वर्षं काढली. आता आमच्याकडे फर्मान निघालंय: कच्च्या मालाची तपासणी, मशीनवरच्या चालू जॉबची (घडत असलेल्या भागाची) तपासणी, पाठवणीआधीची तपासणी, सगळ्याला एकच शीट. वीस रकाने, खाली तीन सह्या. 'प्रमाणीकरण' म्हणतात याला. मी विरोधात आहे आणि का ते सांगतो.

शाफ्टचा एक लॉट होता. शीटवर १४ मापं, चौदाही टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या आत. सही झाली, लॉट गेला आणि परत आला. स्टेपच्या (जाडी बदलते त्या पायरीच्या) मुळाशी जी गोलाई, म्हणजे त्रिज्या असते तिथे टूलची बारीक खूण होती. भार फिरता असला की तडा नेमका तिथूनच सुरू होतो, हे या धंद्यातल्या कोणालाही सांगायला नको. चौकशीत कळलं की तपासणाऱ्या नवीन पोराला ती खूण दिसली होती. "मग लिहिलं का नाहीस?" तर म्हणाला, "कुठे लिहू? रकानाच नव्हता."

मापं घेणं म्हणजे तपासणी नव्हे. जॉब हातात घेऊन उजेडात फिरवायचा, बोट फिरवायचं, कानावर विश्वास ठेवायचा. शीट जितकी पक्की, तितकी नजर शीटवर आणि जॉबवरून उठलेली. कागदी घोडे नाचवायचेच असतील तर वेगळा माणूस ठेवा.

तिसरा_डोळा

मी टेबलाच्या पलीकडचा. पुरवठादारांचे अहवाल वाचणं हेच माझं काम, म्हणून 'ज्याने त्याने आपल्या पद्धतीने लिहावं' याचे परिणाम मला रोज भोगावे लागतात.

एकच बोअर (जॉबमधलं भोक), २५ मिलिमीटरचा. एकजण लिहितो 'ओके'. दुसरा २५.०१. तिसरा फक्त +०.०१. चौथा पाच नगांची सरासरी देतो, म्हणजे त्यातला एक नग बाद असला तरी तो सरासरीत विरघळून गेला. पाचवा लिहितो '१० टक्के तपासले'. दहा टक्के हे काय प्रकरण आहे? ५० च्या लॉटमध्ये ते ५ नग होतात आणि १०,००० च्या लॉटमध्ये १,०००. पहिल्यात काहीच कळत नाही, दुसऱ्यात माणूस मरतो. आयएसओ २८५९ या नमुना तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यात नेहमीच्या पातळीला १,००० च्या लॉटमधून ८० नग घ्यायचे असतात, १०,००० मधून २००. लॉट दहापट झाला म्हणून नमुना दहापट होत नाही. आणि ८० नगांत, स्वीकारार्ह दोषपातळी १ टक्का धरली तर २ सदोष निघेपर्यंत लॉट पास, ३ निघाले की बाद. हे आकडे शीटवर आधीच छापलेले असले की कोणाला घासाघीस करता येत नाही.

आता माझा एक अनुभव. आमच्या फॉरमॅटमध्ये 'उपकरण आणि त्याचा लीस्ट काउंट' (त्यावर वाचता येणारं सर्वात लहान माप) असा रकाना आहे, पुरवठादार त्याच्या नावाने बोटं मोडतात. एका अहवालात रीडिंग होतं २५.०१, उपकरण व्हर्निअर, लीस्ट काउंट ०.०२. त्या व्हर्निअरवर २५.०१ दिसूच शकत नाही! २५.०० दिसेल नाहीतर २५.०२. म्हणजे माप घेतलंच नव्हतं. तो रकाना नसता तर मी तो अहवाल डोळे मिटून फाईलला लावला असता.

तुमच्या शाफ्टच्या गोष्टीत दोष फॉरमॅट असण्याचा नाही, अर्धवट फॉरमॅटचा आहे. 'त्रिज्येवर टूलची खूण नाही' ही ओळ घातली असती तर?

मोजपट्टी

घातली ना, नंतर. मग पुढच्या तक्रारीनंतर आणखी एक, त्याच्या पुढच्या तक्रारीनंतर आणखी एक. असेच वीस रकाने झालेत. प्रत्येक रकाना म्हणजे जुन्या रिजेक्शनचा श्राद्धाचा पिंड. पुढचा दोष मात्र नेहमी एकविसावा असतो.

रात्रपाळी

मी मशीन चालवतो, क्यूसीचा नाही, तरी बोलतो. दोघंही साहेबलोक शीट काय असावी यावर भांडताय. ती कधी भरली जाते ते विचारा.

आमच्याकडे दर तासाला ५ नग, प्रत्येकाची ८ मापं, असं शीटवर छापलंय. रात्री इन्स्पेक्टर एक आणि मशीनं सहा. हिशोब करा: २४० मापं तासाला, मिनिटाला चार. पंधरा सेकंदांत जॉब पुसायचा, मायक्रोमीटर लावायचा, वाचायचं, लिहायचं, आणि मशीन ते मशीन चालायचं ते वेगळंच. मारुतीरायालाही जमणार नाही. मग काय होतं? पहाटे चहा पिऊन आठ तासांचे रकाने एका बैठकीत. एकच पेन, एकच तिरकस अक्षर. २५.००, २५.०१, २५.००, २५.००, २५.०१.

तो माणूस खोटारडा नाही. खरं लिहायचं तर रकाने रिकामे सोडावे लागतात, आणि रिकाम्या रकान्यावर ऑडिटमध्ये एनसी (नियमभंगाची नोंद) पडते. भरलेल्या खोट्यावर पडत नाही.

तिसरा_डोळा

@रात्रपाळी हे अगदी खरं आहे, आणि वाचून वाईट वाटलं. पण ही तपासणीच्या नियोजनाची चूक झाली. मिनिटाला चार मापं लिहिणाऱ्याने कधी मिनिटभर मायक्रोमीटर हातात धरला नसावा.

एक भर घालतो. असे 'ठोकलेले' आकडे ओळखता येतात, आणि ते येतात मांडणी सारखी असल्यामुळेच. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये एका पानाच्या टिपणात नियंत्रण आलेख (वेळेनुसार मापं टिपून प्रक्रिया ताब्यात आहे का ते दाखवणारा) मांडला. त्याचा पायाच हा की खऱ्या प्रक्रियेत चढउतार असतो. टूल झिजतं, माप हळूहळू एका बाजूला सरकतं, टूल बदललं की टुणकन परत येतं. आठ तास मधल्या रेषेला चिकटून बसलेला आलेख दिसला की समजावं, हे मशीनने नाही, पेनाने केलंय. प्रत्येकाची मांडणी वेगळी असती तर आलेखच काढता आला नसता.

वीस_अंश

मापनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो, नाव त्यावरूनच घेतलंय. लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे; आयएसओच्या यादीतलं १ क्रमांकाचं मानक याच विषयाचं.

वर कोणीच तापमानाचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. पोलादाचा १०० मिमीचा तुकडा १० अंशांनी तापला की साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढतो. टॉलरन्स २० मायक्रॉनचा असेल तर निम्म्याहून अधिक नुसत्या उकाड्याने खाल्ला. आणि जॉब मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजतात, हात भाजत असताना! मी पाहिलेल्या बहुतेक शीटांवर तीन सह्यांना जागा असते, तापमानाला नसते.

म्हणून रकाने किती हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. ज्या गोष्टीने आकडा बदलतो तिला रकाना हवा. ज्याने फक्त साहेबाचं समाधान होतं तो काढा.

जाता जाता: 'आयएसओ मागतं म्हणून' हे कारण कोणी देत असेल तर ऐकू नका. आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक पहिल्यांदा १९८७ मध्ये आलं आणि १९९४ च्या आवृत्तीपर्यंत लेखी कार्यपद्धतींचा सुळसुळाट होता. २००० मध्ये सक्तीच्या लेखी कार्यपद्धती सहावर आल्या. २०१५ मध्ये तर गुणवत्ता पुस्तिकेची सक्तीही गेली. माल पाठवताना मागितलं जातं ते एवढंच: निकषांत बसल्याचा पुरावा आणि सोडायला परवानगी कोणी दिली त्याचा माग. वीस रकाने तुमच्याच लोकांनी तुमच्यावर लादलेत.

जुनी_फाईल

कागदाला नावं ठेवणाऱ्यांनी जानेवारी २०२४ आठवावा. अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स ९ विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला प्लग हवेत उडून गेला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात निघालं की तो जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. कारखान्यात रिव्हेटच्या दुरुस्तीसाठी प्लग उघडला होता आणि उघडल्याची नोंद कुठेच नव्हती. उघडल्याची नोंद नाही, म्हणून बंद केल्यावर तपासायला कोणी आलं नाही. एवढं सोपं आहे. नजर, बोट, कान सगळं ठीक, पण तपासायला जायचंय हेच कळलं नाही तर?

मोजपट्टी

@जुनी_फाईल उदाहरण बिनतोड आहे, मानतो. पण दुसरी फाईलही उघडा. कोबे स्टील, ऑक्टोबर २०१७. ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या मालाची प्रमाणपत्रं फॉरमॅटमध्ये तंतोतंत, आकडे बदललेले. माल ५०० हून अधिक कंपन्यांकडे गेलेला. त्याच महिन्यात निसान: शेवटची तपासणी पात्र नसलेले लोक करत होते आणि कागदावर पात्र तपासनिसाचा शिक्का उमटत होता. सुमारे १२ लाख गाड्या परत मागवल्या. दोन्हीकडे कागद नीटनेटका. कागद इतका छान होता म्हणूनच कोणी मालाकडे पाहिलं नाही, असं म्हणायचा मला मोह होतो.

जुनी_फाईल

मोह आवरा. शिक्का कोणाचा हे कागदावर होतं, म्हणून तो माणूस तिथे नव्हता हे सिद्ध करता आलं. कागदच नसता तर खोटं कशाच्या विरुद्ध ठरवणार होतात?

टॅबवाला

लोकहो, टॅबलेट. ब्लूटूथचा मायक्रोमीटर, रीडिंग थेट सिस्टीममध्ये, वेळ आपोआप पडते. पहाटे बसून रकाने भरणं बंद. विषय संपला.

रात्रपाळी

@टॅबवाला विषय नाही संपला. आमच्या दुसऱ्या शेडमध्ये टॅब आहेत. एक चांगला नग जवळ ठेवतात आणि तोच पाच वेळा मोजतात. वेळ बरोबर पडते.

टॅबवाला

...

मोजपट्टी

बराच विचार केला. @वीस_अंश आणि @तिसरा_डोळा यांच्यामुळे माझं मत निम्मं तरी हललं. आता माझं म्हणणं असं: वरचा भाग सगळीकडे एकच ठेवू. पार्ट नंबर, ड्रॉइंगची कितवी आवृत्ती, लॉट किंवा हीट नंबर (धातूच्या वितळवणीचा क्रमांक), उपकरणाचा क्रमांक, तापमान, कोणी आणि किती वाजता. याला माझी हरकत नाही. (ड्रॉइंगच्या आवृत्तीवरून तर मीच एकदा तोंडावर आपटलोय. जुन्या आवृत्तीप्रमाणे अख्खा लॉट 'ओके' केला होता, तो किस्सा पुन्हा कधीतरी.) खालचा भाग मात्र त्या त्या प्रक्रियेच्या माणसांनी ठरवावा. ओतकामाची तपासणी आणि ग्राइंडिंगची तपासणी यांची शीट एकच असणं म्हणजे सगळ्या रोगांवर एकच काढा. आणि शेवटी एक कोरी जागा, छापील 'ओके' नसलेली. 'शीटबाहेरचं काय दिसलं?'

तिसरा_डोळा

वरच्या भागावर हात मिळवू. कोऱ्या जागेवर नाही. मोकळं लिखाण शोधता येत नाही, मोजता येत नाही. एक लिहितो 'खूण', दुसरा 'रेघ', तिसरा 'चरा'. वर्षभरात हा दोष किती वेळा आला हे विचारलंत तर मी काय सांगू? दोषांची ठरलेली यादी हवी, सोबत फोटो आणि सीमेवरचा नमुना, इथपर्यंत चालेल आणि याच्या पुढे नाही.

आणि खरं सांगा, त्या पोराला कोरी जागा दिली असती तर त्याने लिहिलं असतं?

मोजपट्टी

हा प्रश्न बोचला. आज जेवणाच्या सुट्टीत त्याला विचारलं. आता तो आमच्याकडचा चांगला इन्स्पेक्टर आहे, त्यामुळे मोकळेपणाने बोलला. म्हणाला, "रकाना नव्हता हे खरं, पण दादा, गाडी गेटवर उभी होती. मी लिहिलं असतं तर लॉट माझ्या नावावर थांबला असता. लागून तिसराच महिना होता."

सात वर्षं मी ही गोष्ट 'रकाना नव्हता' म्हणून सांगत आलो.

वीस_अंश

धातूच्या प्रमाणपत्रांसाठी युरोपात ईएन १०२०४ वापरतात. त्यातल्या ३.१ प्रकाराच्या दाखल्यावर सही करणारा कारखान्याचाच माणूस असतो, पण उत्पादन विभागापासून स्वतंत्र असावा लागतो. ३.२ मध्ये त्याच्या जोडीला ग्राहकाच्या किंवा त्रयस्थ तपासनिसाची सही लागते. दाखल्यावर काय लिहायचं याइतकंच ते कोणी लिहायचं हेही ठरवलेलं आहे. आपण इथे पहिल्यापासून फक्त 'काय' वर भांडतोय.

रात्रपाळी

@मोजपट्टी तुमच्या त्या नव्या वीस रकान्यांच्या शीटवर खाली तीन सह्या आहेत म्हणालात. लॉट थांबवायचा झाला तर त्यातली कोणाची चालते?

मोजपट्टी

आत्ता शीट समोर घेऊन पाहिली. पहिली इन्स्पेक्टरची, दुसरी माझी. 'लॉट रोखण्यास मंजुरी' तिसरीच्या खाली छापलंय. तिथे उत्पादन व्यवस्थापक आहेत.