कार्यक्रमाचं सामान कारशिवाय कसं न्यायचं?

प्रश्न: आमच्या ग्रुपचा दर महिन्याला छोटा कार्यक्रम असतो, २ फोल्डिंग टेबलं, बॅनर, स्पीकर, पाण्याचा मोठा जार एवढं सगळं न्यायचं असतं आणि कार कोणाकडेच नाही, सायकली मात्र आहेत. काय करता येईल?

उत्तर १: सायकलला मागे जोडायचा ट्रेलर बघा. जड सामान तळाला आणि ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवा, वजन मागे गेलं की तो सायकलचं मागचं चाक उचलायला बघतो आणि डुलतो पण. उतारावर आधीपासूनच हळू चला, थांबायला जास्त अंतर लागतं.

उत्तर २: पाणी नेऊच नका ना! २० लिटर म्हणजे २० किलो, तिथेच भरा. टेबलं पण तिथेच ठेवता येतात का विचारा, आमचं निम्मं ओझं असंच कमी झालं.

प्रश्नकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार! जार रिकामाच नेतो.