मदत हवी आहे: टायट्रेशन हा शब्द कुठून आला?

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यात एका खेड्यावरच्या ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. परवा प्रॅक्टिकलला एका पोट्टीनं विचारलं, सर ब्युरेटचा (थेंब सोडायच्या मापाच्या नळीचा) कॉक टाइट करतो म्हणून टायट्रेशन म्हणतात का, सगळे हसले, मीबी हसलो, पण खरं सांगू का, मलेच उत्तर आलं नाही. वीस वर्षं झाली, एका द्रावणात पदार्थ किती ते काढायला दुसऱ्या द्रावणाचे थेंब मोजतोय! पुस्तकात अनुमापन आहे, ते मापनावरून आलं हे दिसतं, पण हे टायटर (टायट्रेशनमधून निघणारं माप) काय भानगड आहे? टायटलचं काही नातं? सोमवारी परत प्रॅक्टिकल आहे अन् ती पोट्टी सोडणाऱ्यातली नाही.

प्रतिसाद:
नातं आहे ना सर, दोन्ही लॅटिन टिट्युलसची लेकरं. फ्रेंचमध्ये नाण्यात-दागिन्यात सोनं किंवा चांदी किती शुद्ध त्याला तित्र म्हणायचे. गे-ल्युसॅकनं (तोच, वायूंच्या नियमवाला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ) १८२८ मध्ये त्याचं क्रियापद केलं, द्रावणात पदार्थ किती ते काढणं या अर्थानं. ब्युरेट अन् पिपेट ही नावंबी त्याचीच, १८२४ च्या निळीच्या द्रावणांवरच्या लेखातली. पिपेट म्हणजे छोटी नळी, अन् ब्युरेट म्हणजे चर्चमध्ये वाइन-पाणी ठेवायची बारकी सुरई. पुढं १८३२ मध्ये यानंच चांदीच्या नाण्यांची शुद्धता मिठाच्या पाण्यानं टायट्रेट करून काढायची रीत दिली, म्हणजे शब्द फिरून नाण्यावरच आला.

मी (धागा काढणारा):
आयला, म्हणजे हा तर आपला कस! आमच्या गावचे सोनारकाका काळ्या कसोटीवर दागिना घासतात, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकतात अन् रेघ किती टिकते ते डोळे बारीक करून पाहत बसतात, हुबेहूब एंड पॉइंटला (रंग बदलतो त्या थेंबाला) माझी पोरं पाहतात तसं. अन् बाबा नेहमी वावराची माती तपासायला देतात ना, तिथं सेंद्रिय कर्ब काढतात तो बी टायट्रेशननंच, मातीत डायक्रोमेट अन् सल्फ्युरिक ॲसिड टाकायचं, उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटनं मोजायचं, निळं-जांभळं एका थेंबात हिरवंगार. बाबा म्हणतात, जमिनीचा कस काढून आणला. मी आतापर्यंत त्यांना करेक्ट करत होतो!

आता सांगा, पोरांनी पेपरात अनुमापनाऐवजी कसमापन लिहिलं तर मार्क कापतील काय?

प्रतिसाद:
कापतील सर. वर्गात कस सांगा, पेपरात अनुमापनच लिहायला लावा.